ड्रमरच्या आईने आखलेला दौरा

कलावंताला घर सोडावं लागतं. उंबरठ्याच्या आत बसून आजवर कोणी काही मोठं केलेलं नाही. कलेची वाट घराकडे पाठ फिरवूनच सुरू होते. हे विधान आमच्या गिटारवाल्याचं आहे, आणि खानदेशच्या दौऱ्याआधी त्याने ते इतक्या वेळा ऐकवलं की आम्हालाही ते खरं वाटायला लागलं. त्याप्रमाणे एका सकाळी आम्ही सुरतेतल्या उधन्याहून घर सोडलं. सोबत ड्रमरच्या आईने दिलेल्या दशम्या होत्या, ठेच्याची बाटली होती. पहिला मुक्काम ड्रमरच्या आत्याकडे होता, दुसरा त्याच्या मावशीकडे आणि तिसरा आत्याच्या नणंदेकडे.

आमचा बँड चार माणसांचा. गाणी आमची, चाली आमच्या आणि ऐकणारेही बऱ्याचदा आमचेच. थोडी मराठी, थोडी अहिराणी, अडलं तिथे एखादी ओळ गुजराती. याला इंडिपेंडंट म्हणतात. म्हणजे आम्हाला कोणत्याही कंपनीने नाकारलेलं नाही, कारण आम्ही कोणाला विचारलेलंच नाही. बँडचं नाव मी इथे देत नाही. दिल्याने कोणाला काही आठवेल अशी शक्यता नाही.

मी बास वाजवतो. एरवी सुरतेतल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवतो. बास हे वाद्य वाजताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि थांबलं तरी येत नाही, त्यामुळे मास्तराला ते अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. गाणारी आमच्यातली एकमेव मुलगी. ती कापड मार्केटमधल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं काढते. तिचे आजोबा रेल्वेत लागून सुरतेला आले. ती वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर गायला शिकली, आणि तिथे माईक मध्येच बंद पडायची पद्धत असल्याने तिचा आवाज माईकवर अवलंबून नाही. गिटारवाला सुरतेतच जन्मला. तो विचार गुजरातीत करतो, भांडतो हिंदीत आणि सिद्धांत मात्र मराठीत मांडतो. गाडी त्याच्या मामाची, म्हणून नेतृत्वही त्याचं.

राहिला ड्रमर. तो सुरतेबाहेर पलसाण्याला एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायच्या मशिनवर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. त्या आठवड्यात मशिनवर जो रंग चालू असेल तो त्याच्या नखांत असतो. लाल रंगाच्या आठवड्यात लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. तो कमी बोलतो. दोन काठ्या हातात असलेल्या माणसाला फारसं बोलावं लागत नाही.

दौरा खरं तर पुण्याला जायचा होता. गिटारवाल्याने पुण्यातल्या बऱ्याच ठिकाणी मेल पाठवले. त्यासाठी आम्ही रुळांच्या कडेला उभं राहून फोटोही काढला होता. त्यात चौघे चार दिशांना बघतोय, कारण एकमेकांकडे बघणारा बँड गंभीर वाटत नाही. पुण्याहून उत्तर आलं नाही. हे ड्रमरच्या घरी चहा पिताना निघालं, तेव्हा त्याच्या आईने विचारलं की पुण्यालाच का जायचं, आपल्या खानदेशात काय माणसं राहत नाहीत? दोन-तीन फोन करते म्हणाली. आठवड्याभरात पाच गावांहून बोलावणी आली. एका वाचनालयाचा वर्धापनदिन, एका नव्या लॉन्सचं उद्घाटन, एका कॉलेजचं स्नेहसंमेलन, असं काय काय. गिटारवाला म्हणाला, प्रेक्षक तयार होता, आपण उगाच चुकीच्या शहरात त्याला शोधत होतो. पोस्टरवर त्याने मोठ्या अक्षरांत 'खानदेश टूर' असं छापलं.

निघताना ड्रमरच्या आईने गाडीत आणखी एक पिशवी ठेवली. तिच्यात प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये इस्त्री केलेला आकाशी शर्ट होता. ड्रमर म्हणाला, स्टेजवर आम्ही काळे टी-शर्ट घालतो. ती म्हणाली, "बाहेरगाव जाई ऱ्हायना, एक चांगला शर्ट ऱ्हाऊ दे जोडे." जोडे म्हणजे सोबत. आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईने दिलेल्या पिशवीवर चर्चा करायची पद्धत आमच्याकडे नाही.

नंदुरबारकडे आत्याच्या घरी पोचलो. कार्यक्रम संध्याकाळी होता. आत्याने जेवायला वाढलं, आग्रहाने आणखी वाढलं, आणि आम्ही आडवे व्हायच्या बेतात असताना ड्रमरला म्हणाली, "तोंड धोई ले. तो शर्ट घाल. चहाले जानं शे." आम्हालाही यायला सांगितलं. चहाला जायचं त्या घरी भिंतीला लावून खुर्च्यांची रांग मांडली होती, आणि खुर्च्या आमच्या संख्येपेक्षा बऱ्याच जास्त होत्या. मग पोहे आले. पोह्यांचा ट्रे घेऊन साडी नेसलेली एक मुलगी आली, आणि तेव्हा आम्हाला कळलं की खानदेश टूर म्हणजे काय आहे.

सुरतेत स्थायिक झालेल्या खानदेशी माणसाला घर सुरतेत चालतं, नोकरी सुरतेत चालते, सून मात्र तापीच्या वरच्या अंगाची लागते. ड्रमरला बत्तिसावं लागलेलं. कामातून त्याला सुट्टी मिळत नाही, म्हणून बघण्याचे कार्यक्रम राहून जात. आता हा मुलगा स्वतःहून पाच गावं फिरायला निघाला आहे म्हटल्यावर त्याच्या आईने गावं निवडून दिली. कार्यक्रम करणारे लोक त्या-त्या गावच्या मुलीचे मामा, काका किंवा शेजारी निघाले. ड्रमरने शपथेवर सांगितलं की त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते, त्यामुळे आम्ही विश्वास ठेवला. त्याने आईला फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली की पोरा, गाडी त्या रस्त्याने जाणारच होती.

अशा रीतीने आमचा बँड 'मुलाकडची माणसं' झाला. माझे केस पिकलेले, वर चष्मा, त्यामुळे मला मधली खुर्ची मिळाली आणि प्रश्न विचारायची जबाबदारीही. बरीच वर्षं तोंडी परीक्षा घेऊनही मला सुचला तो एकच प्रश्न, वाचायला काय आवडतं. मुलीने पेपर सांगितला. गाणारीचं काय करायचं हे आत्याला समजेना. मुलाच्या बाजूने एक तरुण मुलगी खुर्चीत बसली आहे आणि ती बहीण नाही, याला घरोघरी काय म्हणतात ते ठरलेलं नाही. शेवटी त्या घरातल्या आजींनीच तिला थेट विचारलं, तू कोणाची गं? या प्रश्नाला आमच्या मुलखात एकच अर्थ असतो.

"रेल्वेची," गाणारी म्हणाली, आणि पोहे खात राहिली.

गिटारवाल्याने इंडिपेंडंट म्हणजे काय ते मुलीच्या वडिलांना समजावून सांगितलं. आम्ही कोणाच्या हाताखाली काम करत नाही, असं तो अभिमानाने म्हणाला. ते ऐकून वडिलांनी आत्याकडे बघितलं. संध्याकाळी वाचनालयात आम्ही वाजवलं, टाळ्या बऱ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नकार आला. नोकरी पर्मनंट नाही. पुढच्या गावीही तेच झालं. तिथे पोह्यांवर शेव होती आणि निरोप जास्त गोड शब्दांत आला, पण कारण तेच.

इथे हजीऱ्याबद्दल सांगायला हवं. खानदेशातल्या मुलीच्या बापाला सुरत हे शहर म्हणून माहीत नसतं, उतरंड म्हणून माहीत असतं. सगळ्यात खाली कापड विणणाऱ्या लूम्स. त्याच्या वर पांडेसऱ्याची, पलसाण्याची प्रोसेस हाऊसं. त्याच्या वर मार्केटातली दुकानं. आणि सगळ्यात वर, समुद्राच्या काठी, हजीरा. हजीऱ्याच्या एखाद्या मोठ्या लोखंडाच्या प्लँटमध्ये मुलगा पर्मनंट असेल तर त्याचे दात, डोळे, स्वभाव कोणी बघत नाही. तो बासही वाजवत असला तरी चालतं.

पहिल्या नकारानंतरच आत्या आमच्या गाडीत येऊन बसली होती. आम्हाला एकटं सोडलं तर आम्ही पुढची बोलणी बिघडवू असं तिचं म्हणणं. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, जिथे मोठ्या बँडचा मॅनेजर बसतो, आणि मी मागे मांडीवर झांजांची पिशवी घेऊन. दोन नकार पचवून ती तिसऱ्या गावाच्या वेशीपर्यंत गप्प होती. तिसरं गाव म्हणजे तापीकाठचं तालुक्याचं ठिकाण. तिथल्या घरी शिरल्यावर मुलीच्या वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मुलगा सुरतेला कुठे असतो. मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलून गेली.

"हजीराले शे. पर्मनंट."

खोलीत सगळे सरळ बसले. पंख्याचा वेग वाढवायला सांगण्यात आला. गिटारवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ड्रमर काही बोलणार तेवढ्यात पोहे आले.

ही मुलगी गावातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. ट्रे ठेवून ती समोर बसली आणि मान खाली घालायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या वाचनाच्या प्रश्नावर ती म्हणाली, दिवसभर रिपोर्ट वाचते, त्यात गोष्ट नसते पण शेवट असतो. मला ती तिथेच पसंत पडली, अर्थात माझ्या पसंतीला विचारत कोण होतं. मग तिने ड्रमरला विचारलं की शिफ्ट कोणती असते. तो म्हणाला, जनरल. ती त्याच्या चमचा धरलेल्या हाताकडे बघत राहिली, थोडं हसली, आणि आणखी पोहे हवेत का म्हणून विचारलं. त्याने तीन वेळा घेतले. आमचा ड्रमर पोह्यांवर मरणारा माणूस नाही.

गाडीत बसल्यावर तो गुडघ्यावर बोटांनी एक ठेका धरून बसला. आमच्या कोणत्याही गाण्यात तो ठेका नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आत्या, मला हिच्याशी खोटं नाही चालणार."

आत्याने लग्न होऊ दे, मग सावकाश सांग, असा सल्ला दिला. घरोघरी तसंच चालतं म्हणाली. गिटारवाल्याचं मत होतं की सत्य हाच कलेचा पाया आहे, पण ते चौथ्या गावानंतर सांगितलं तरी चालेल. गाणारीने दोघांना गप्प केलं आणि ड्रमरला विचारलं की तुला नेमकी भीती कसली वाटते. तो म्हणाला, खरं सांगितलं तर आधीच्या दोघींसारखा हिचाही नकार येईल. आणि हिचा नकार त्याला नको होता. इतकं लांब वाक्य तो दौऱ्यात पहिल्यांदाच बोलला. आत्याने खिडकीची काच वर केली, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमचा कार्यक्रम होता. वेळ दहाची दिली होती. मंडपात शिरलो तर स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्यांची रांग, त्यांच्या मागे आमचा ड्रमसेट, आणि प्रमुख पाहुणे म्हणून मधल्या खुर्चीत कालच्या मुलीचे वडील. खाली दुसऱ्या ओळीत मुलगी, तिच्या शेजारी आई. ड्रमर गाडीकडे वळला. गाणारीने त्याला दंडाला धरून परत आणलं.

आधी सत्कार होते. खानदेशात कार्यक्रम म्हणजे सत्कार, आणि त्यातून वेळ उरला तर इतर काही. दीपप्रज्वलनाला वारा होता, त्यामुळे तेच बराच वेळ चाललं. पाच जणांनी मिळून एक मेणबत्ती धरली होती. मग प्राचार्यांनी संस्थाचालकांचा सत्कार केला, संस्थाचालकांनी प्राचार्यांचा, आणि दोघांनी मिळून प्रमुख पाहुण्यांचा. टोपी, टॉवेल, नारळ, शाल. मार्चच्या उन्हात शाल पांघरून माणसं स्थितप्रज्ञासारखी बसली होती. मुलीच्या वडिलांचं खताचं दुकान आहे आणि त्यांनी कॉलेजला पाण्याचा कूलर दिला होता. ओळख करून देणाऱ्याने त्यांना शिक्षणमहर्षी म्हटलं, तहानलेल्यांचा आधारवड म्हटलं, आणि एक पायरी चढून युगपुरुषही म्हणून टाकलं. ते नम्रपणे खाली बघत होते. कूलर मंडपाच्या कोपऱ्यात होता. त्याला नळ बसवायचा राहिला होता.

मग ते बोलायला उठले. विद्यार्थ्यांनी कष्ट करावेत, आईवडिलांना विसरू नये वगैरे सांगून झाल्यावर ते मागे वळले आणि आमच्याकडे हात करून म्हणाले की आज सुरतेहून कलावंत आलेले आहेत, आपल्याच मातीतले. त्यांतला एक तर हजीऱ्याला मोठ्या प्लँटमध्ये पर्मनंट आहे, आणि तरीही कलेची सेवा करतो. त्यांनी ड्रमरला उभं राहायला सांगितलं. टाळ्या वाजल्या. स्वयंसेवकाने येऊन त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला.

काठ्या ठेवून नारळ धरलेला ड्रमर हे दृश्य मी विसरणार नाही. तो आजवर स्टेजवर एक अक्षर बोललेला नव्हता. त्याला माईकच नसतो. तो नारळासकट पुढे आला, मुलीच्या वडिलांच्या बाजूने वाकून त्यांच्याच माईकमध्ये म्हणाला, "मी पलसाण्याला आहे. कॉन्ट्रॅक्टवर. हजीऱ्याला एकदाच गेलोय, समुद्रावर, पिकनिकला."

एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. टोपी काढायचं त्याला सुचलं नाही.

मागच्या बाजूची पोरं जोरात हसली आणि शिट्ट्या वाजवल्या. त्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. आत्याने पदर तोंडाला लावला. मुलीच्या वडिलांनी एकदा घसा खाकरला, 'तर असे हे कलावंत' असं म्हणून भाषण पुरं केलं आणि खुर्चीत बसले. ते उठून जातील असं मला वाटलं होतं. पण आभारप्रदर्शन व्हायचं होतं, आणि शाल घेतलेला माणूस आभाराआधी उठत नाही.

आम्ही वाजवलं. गाणारीने नेहमीचा क्रम सोडून एकदम अहिराणी गाणं धरलं, आणि ड्रमर मागे टोपी घालून असा काही सुटला की गिटारवाल्याला त्याच्या मागे पळावं लागलं. चूक कोणाची होती सांगता येत नाही; गाणं नेहमीपेक्षा बरंच लवकर संपलं. पोरांनी ते पुन्हा वाजवायला लावलं. दुसऱ्या वेळी ते आणखी लवकर संपलं.

जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. मुलीचे वडील ताट घेऊन सरळ माझ्याकडे आले. मुलाकडचा वडीलधारा मीच होतो. मी आत्याच्या वतीने माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी बट्टी कुस्करत मला थांबवलं.

"मास्तर, काल तुमची गाडी कोपऱ्यावर वळली नसेल तोच मी पांडेसऱ्याला फोन लावला. आमची निम्मी भावकी तिथंच आहे. पलसाणा काय, मुलाचा सुपरवायझर कोण तेही कळलं. गुटख्याची पुडी खात नाही तेही कळलं."

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर हजीरा कशाला म्हणालात? ते माझ्याकडे बघत राहिले. इतका शिकलेला माणूस आणि एवढंही समजत नाही, असा तो चेहरा होता. मग समजावून सांगितलं. स्टेजवरून पाहुण्याला मोठं करूनच सांगायचं असतं. मला नाही का ते युगपुरुष म्हणाले? मी उठून म्हटलं का की माझं खताचं दुकान आहे? मुलगा उगाचच खरं बोलला.

म्हणजे आत्या खोटं बोलली हे त्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने परत केलं. सुरतेतलं काहीही खानदेशापासून लपत नाही, हे माहीत नसलेली माणसं अख्ख्या खानदेशात फक्त आमच्या गाडीत होती. आत्या वगळू नका, ती तर पुढच्याच सीटवर होती.

मी विचारलं, मग तुमचं काय मत? ते म्हणाले, माझं मत कॉन्ट्रॅक्टला नाहीच आहे. पण मत पोरीला विचारा, ती मला विचारत नाही.

पोरगी तोवर गाडीपाशी आलेली होती. ड्रमर सामान चढवत होता आणि तिला बघून त्याने स्नेअर ड्रम पुन्हा खाली उतरवला. आम्ही तिघे लांब जाऊन उभे राहिलो, पण ऐकू येईल इतकेच लांब.

"हजीऱ्याला लोखंड रामा कलरचं निघतं का?" तिने विचारलं.

ड्रमरने नखांकडे बघितलं. त्या आठवड्यात मशिनवर रामा कलर, म्हणजे हिरवट मोरपंखी, चालू होता.

"काल पोहे खातानाच बघितलं मी. मला सुरतेचे आजवर चार जण बघून गेले. चौघंही हजीऱ्याचे. तिथं बाकीची सुरत कोण चालवतं देव जाणे." मग तिने सरळ कामाचे प्रश्न सुरू केले. उधन्याहून पलसाण्याला जायला किती वेळ लागतो. पाळी रात्रीची असते का. तिथं लॅब आहेत का, तिला काम सोडायचं नव्हतं. ड्रम घरात ठेवतो की बाहेर. तो एकेका शब्दात उत्तरं देत होता, आणि ती जणू फॉर्मवर टिक करत असावी तशी मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही मला बघून गेलात. आता मी येते बघायला. घर पण, आणि हे पण." हे म्हणजे आम्ही.

उरलेल्या दोन गावांचे कार्यक्रम आम्ही केले. पोहे मात्र ड्रमरने घेतले नाहीत. आत्याने त्या दोन्ही घरी जाऊन चहा पिऊन, मुलाची तब्येत ठीक नाही असं सांगून मान राखला. ती घरं तोवर पांडेसऱ्याला फोन करून मोकळी झाली होती, त्यामुळे त्यांनीही काळजीने औषध विचारलं.

महिन्याभराने ती तिच्या आईला घेऊन सुरतेला आली. आमची रिहर्सल पांडेसऱ्यात साड्यांना घडी घालतात अशा एका खोलीच्या वर होते, रविवारी, खालचं काम बंद असताना. आम्ही भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या. पोहे गिटारवाल्याने केले. त्याचं म्हणणं, परंपरा उलटी करायची तर ती पूर्ण करायला हवी. पोहे भिजवायचे असतात हे त्याला उशिरा कळलं. ती आईच्या शेजारी मधल्या खुर्चीत बसली आणि तिने आम्हाला प्रश्न विचारले. मला विचारलं की तुम्ही नेमकं काय वाजवता. मी दाखवलं. तिने कान जवळ आणला आणि म्हणाली, असेल.

आम्ही तीन गाणी वाजवली. चेहऱ्यावर रिपोर्ट वाचताना असतो तसा भाव. तिसरं संपल्यावर ती म्हणाली की आता तुम्ही सगळे थांबा, यांना एकट्याला वाजवू दे. ड्रमरने आमच्याकडे बघितलं आणि मग तो एकटाच वाजवत राहिला. गुडघ्यावर धरला होता तोच ठेका, आता पूर्ण सेटवर. खोलीच्या पत्र्याला कंप सुटला. खाली घडी करून ठेवलेल्या साड्यांच्या थप्प्या एकेक करून घसरल्याचा आवाज आम्हाला येत होता, पण कोणी त्याला थांबवलं नाही. तिच्या आईने कानात पदर घातला होता आणि ती हसत होती.

तो थांबला तेव्हा मुलगी गाणारीकडे वळली आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका. यांचं तुमच्याशिवाय जास्त बरं वाजतं."

गाणारी म्हणाली, "आम्हालाही तसं वाटतं. पण गाडी याच्याकडे नाही."

होकार जिन्यातच आला. तिने ड्रमरला सांगितलं की रविवार तुमचा, बाकीचे सहा दिवस ड्रमवर हात आपटायचा नाही, शेजारी राहतात. तो हो म्हणाला. तो अजून हो म्हणाला असता. तिने पुढे काही विचारलं नाही एवढंच. त्याच्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली की तिने पाचांपैकी तिसऱ्याच नंबरवर खूण केली होती. यावर आत्या अजून विश्वास ठेवत नाही.

गिटारवाल्याने या प्रकरणाचा सिद्धांत लगेच तयार केला. कला माणसाला खरं बोलायला भाग पाडते, आणि स्टेजवर बोललेलं एक खरं वाक्य हजार भाषणांना पुरून उरतं. आमच्या बँडने एका माणसाचं आयुष्य बदललं, असं तो आजही नव्या माणसांना सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज थोडा खाली उतरतो. मी त्याला अडवत नाही. खरं वाक्य ज्यांना ऐकवलं त्या सगळ्यांना ते आदल्या दिवशीच माहीत होतं, एवढीच माझी शंका आहे, आणि ती सांगून कोणाचं काय भलं होणार.

लग्न मे महिन्यात मुलीच्या गावी झालं. गिटारवाल्याची फार इच्छा होती की वरात आमच्याच संगीताने निघावी. एका कलावंताला त्याच्या साथीदारांनी दिलेली ती मानवंदना ठरली असती. त्याने त्यासाठी एक नवी चालही बांधली. दोन्हीकडच्या मंडळींनी विचार करून शिरपूरहून दुसरा बँड सांगितला, कारण आमचा ड्रमर त्या दिवशी मोकळा नव्हता.